इतर हक्क

आमच्या कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सूर्योदयाच्या चित्राखाली चार ओळींचा सुविचार टाकला, की सात-आठ मिनिटांत त्याखाली नानांचा प्रश्न यायचाच : "मूळ लेखक कोण?"

टाकणारा बिचारा दापोडीला बसची वाट बघत उभा असायचा. तो लिहायचा, "नाना, फॉरवर्ड आहे." नाना लिहायचे, "ते दिसलं. कुणाचं?" एकदा असेंब्लीतल्या एकानं स्वतः रचलेली कविता टाकली, आईवरची. नानांनी विचारलं. तो म्हणाला, माझीच आहे. "मग खाली नाव घाला. न्हाईतर आठ दिवसांत मेव्हण्याकडनं तुमालाच येईल." त्यानं मनावर घेतलं नाही. सहाव्या दिवशी ती कविता खरोखरच त्याला मेव्हण्याकडून आली. खाली एका निवृत्त फौजदाराचं नाव होतं.

या माणसाबरोबर मी बावीस वर्षं नोकरी केली. मी सॉफ्टवेअरचा प्रमुख आणि ते माझ्या हाताखाली, असं कागदावर होतं. कागदावरच्या गोष्टींवर नानांचा फार विश्वास. ही एक गोष्ट सोडून.

चाकणला आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग तपासणारी यंत्रं बनवते. नाना तिथं स्टोअरमध्ये लागले, मग ड्रॉइंग रूममध्ये नकाशे सांभाळायला गेले. नकाशे कॉम्प्युटरात गेले तेव्हा त्यांच्या मागोमाग नानाही आत गेले, आणि यंत्राबरोबर जाणाऱ्या सॉफ्टवेअरची प्रत्येक आवृत्ती त्यांच्या सहीशिवाय फाटकाबाहेर पडेनाशी झाली. त्यांना स्वतःला कोडची एक ओळ लिहिता यायची नाही. आमच्या पोरांनी ते एकदा तोंडावर सुनावलं, तर म्हणाले, "भाकरी थापाया येत न्हाई मला. पन करपल्याली कळती."

ते वाचायचे उभं राहून, ओळीखाली स्टीलची फूटपट्टी धरून. शाळा दहावीपर्यंत, गावची. इंग्रजी शब्दकोश टेबलावर, त्याला खाकी कव्हर. कॅन्टीनमध्ये जेवणाच्या कुपनाऐवजी ॲप आलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी 'मान्य आहे' दाबलं आणि ताट उचललं. नानांनी तीन दिवस घरची भाकरी आणली आणि अटी वाचल्या. चौथ्या दिवशी ते एचआरच्या बाईंकडे गेले. "म्याडम, कलम अकरात म्हनलंय, तुमी माझे फोनमधले फोटो बगू शकता. वरण-भाताचा आन माझ्या फोटोंचा संबंध काय?" बाईंनी पुण्याला फोन केला, पुण्यानं बंगळूरला. संबंध कुणालाच सांगता आला नाही. नानांना शेवटपर्यंत कागदी कुपन मिळत राहिलं. मी मात्र आजतागायत काय काय मान्य केलंय ते मला माहीत नाही. आमच्या घरी याची यादी बायकोकडे असते.

ओपन सोर्स म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक असतं; नसेल तर एवढंच की जगभरची माणसं आपापला कोड उघड्यावर मांडतात, कुणीही न्या म्हणतात. मात्र प्रत्येकाची अट असते, आणि ती अट, म्हणजे लायसन्स, फाईलच्या डोक्यावर लिहिलेली असते. आमच्यासारखे ती वाचत नाहीत. नवी पोरं कामाला लागली की नाना त्यांना ओळीनं बसवून समजावायचे. "काही लायसन म्हंजे शेजारनीनं दिल्याली कोथिंबीर. घ्या, खावा, तिचं नाव काढा, झालं. दुसरं असतं ते विरजन. चमचाभर घातलं की सगळं पातेलं दही. मग पातेलं माझं, दूद माझं म्हनून चालत न्हाई. आन विरजन मागाया कुनी दारात आलं तर त्याला न्हाई म्हनायचं नसतं."

सोलापूरकडचा एक नवा मुलगा म्हणाला, "आमच्याकडं सांजच्याला देत नसतेत, काका."

"मग सकाळी द्या," नाना म्हणाले. "पन द्या."

प्रत्येक आवृत्तीचा ते एक तक्ता करायचे. कोणती फाईल, कुणी लिहिली, कुठून आली, आणि शेवटचा रकाना : इतर हक्क. हा रकाना त्यांनी सरळ सातबाराच्या उताऱ्यातून उचलला होता. आमच्या पट्ट्यात सातबारा माहीत नाही असा माणूस नाही. दर दुसऱ्या बांधावर कुणाचं तरी कंपाउंड उभं आहे. "घेनारा मानूस मालकाचं नाव बगतो," नाना सांगायचे. "शाना मानूस इतर हक्क बगतो." विहिरीतला हिस्सा, कुणाची जायची वाट, कुणाचं कूळ, ते सगळं त्या रकान्यात. आम्ही त्यांना पाठीमागे तलाठी म्हणायचो. हे नाव त्यांना माहीत होतं. कुणी पाडलं ते मात्र त्यांनी कधी विचारलं नाही, याचं मला बरं वाटायचं, कारण ते मी पाडलं होतं.

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी पहिल्यांदा काही मागितलं. आमच्याकडे जुन्या माणसाला दोन वर्षं वाढवून देतात. नाना माझ्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "जुन्या आवृत्त्यांचे उतारे अर्धे राहिलेत साहेब. दोन वर्सांत हुतील. आन घरी बसून मी वाचू काय?" मी म्हटलं, मोठ्या साहेबांना सांगतो, होऊन जाईल.

त्याच महिन्यात बाहेरदेशीच्या एका गिऱ्हाइकानं फॉर्म पाठवला. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांचं काय काय आहे आणि कोणत्या अटींवर, त्याची यादी द्या. बाकी सगळं आमचंच असं लिहून द्या. खाली दोन सह्या, एक माझी आणि एक नानांची. मुदत पंधरा दिवस. नाना खूश झाले. इतक्या वर्षांत जगातल्या कुणीतरी पहिल्यांदा त्यांना हवा तो प्रश्न विचारला होता.

पाचव्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी ते माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, एक खाजगी इचारू का?"

"विचारा की."

"तुमचं लगीन कवा झालं?"

मी सांगितलं.

"व्हय, पत्रिका हाय माझ्याकडं. ही फाईल त्याच्या दोन वर्सं अगुदरची." त्यांनी कागद पुढं ठेवला आणि पट्टी एका ओळीखाली धरली. यंत्राशी तारेवरून बोलणाऱ्या आमच्या कोडचा तो भाग होता. मधेच इंग्रजीत एक टीप होती : बाळ झोपलं की हे नीट करायचं. "मग हे बाळ कुनाचं?"

पलीकडच्या टेबलावरच्या चार माना वर झाल्या.

"नाना, हळू बोला."

"हळूच बोलतोय. बाळ उठंल."

खरं सांगायचं तर ती टीप त्या फाईलमध्ये आहे हे मला माहीतच नव्हतं. सव्विसाव्या वर्षी मी तो भाग एका ओपन सोर्स प्रकल्पातून उचलला होता. महिनाभर खपून आमच्या यंत्रापुरते त्यात बदल केले, आणि डोक्यावर पंचवीस ओळींचा मजकूर होता तो कचरा वाटला म्हणून पुसून टाकला. त्यात दोन नावं होती आणि अटी होत्या. जागा रिकामी दिसायला लागली, म्हणून तिथं माझं नाव घातलं. त्या यंत्रावर मला पहिली बढती मिळाली. बायकोला हे सगळं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यात नवल काय? आपल्या पत्रिकेतला मजकूरसुद्धा तुम्ही तुमच्या मित्राच्या पत्रिकेतनं उचलला होता. माझ्या आजोबांच्या जागी त्याच्या सासऱ्याच्या वडिलांचं नाव छापून आलं."

नानांना सगळं सांगितलं, तेव्हा ते मात्र हसले नाहीत. "आमच्यात नाव काढलं म्हंजे आठवन ठिवली म्हनत्यात," ते म्हणाले. "तुमी खरंच काढलं."

मूळ फाईल नेटवर सापडली; तिची अट विरजणाची होती. ज्याला यंत्र द्याल त्याला सगळा कोड द्या, आणि पुढं द्यायची मोकळीकही द्या. पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचा एक भाग विकत घेतलेला होता, आणि त्याची अट नेमकी उलटी : हा कोड कुणाला दाखवायचा नाही. एका घरात दोन भाऊ, एक म्हणतो दार उघडं ठेवा, दुसरा म्हणतो कुलूप लावा. नानांनी तीन मार्ग लिहून काढले. मूळच्या दोघांकडून वेगळी परवानगी मिळवायची; नाहीतर तो भाग नव्यानं लिहायचा; नाहीतर दोन भावांची वाटणी करायची, दोन वेगळे प्रोग्रॅम, मधे बांध, आणि आपल्या बाजूचं सगळं उघडं करायचं. शेवटच्या दोन्हींना चार-पाच महिने हवे होते. आमच्याकडे दहा दिवस होते.

म्हणून पत्रं लिहिली. नानांनी मजकूर सांगितला, मी इंग्रजी केलं. "मी तुमचं नाव पुसलं, चूक झाली" हे वाक्य मी तीनदा गुळमुळीत केलं आणि त्यांनी तीनदा सरळ करून घेतलं. एकाचं उत्तर ईमेलवर दुसऱ्याच दिवशी आलं : खुशाल वापरा. दुसऱ्याचं, ज्याला आम्ही बाळाचा बाप म्हणत होतो, त्याचं काही येईना. नावाच्या जागी नुसती दोन अक्षरं आणि टपालाचा एक जुना पत्ता.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. दोनशे घरं त्या शेडवर चालतात आणि ती ऑर्डर हातची गेली तर कोणती शिफ्ट बंद करायची हे त्यांना ठरवावं लागणार होतं. नवव्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं.

"नाना, पत्र पाठवलं ना? नको असतं तर नाही म्हणाला असता. गप्प आहे म्हणजे होकार."

"गप बसनं म्हंजे होकार न्हाई, साहेब."

"जगात कोण बघणार आहे ती एक फाईल?"

"मी बगितली की."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यावर त्या दिवशी कसलीशी चतुर्थी होती, ती मी लक्षपूर्वक वाचली.

त्या संध्याकाळी नाना माझ्या गाडीत होते. तळेगाव चौकात कंटेनरची रांग हलत नव्हती, आणि मी, म्हणजे तसं रागावूनच, विचारलं की आणखी अडीच महिन्यांनी तुम्ही घरी जाणार, दोन वर्षं हवीत म्हणता, मग एवढा हट्ट कशासाठी. त्यांनी पुढच्या कंटेनरच्या पाठीवरचा सगळा मजकूर वाचून काढला. मग बोलले.

"ते पल्याडचं गोडाऊन दिसतंय का? ती आमची जमीन. इकायची ठरली तवा आत्याची सही पायजे व्हती. घरात वाचनारा मी एकला. बापानं कागद माझ्या हातात दिला आन म्हनला, आत्याला वाचून दाव. मी वाचला. खालची ओळ आली, हक्क सोडला म्हनून. बापानं माझ्याकडं बगितलं. मी ती ओळ गाळली."

"मग?"

"मग काय. आत्यानं आंगठा दिला. उताऱ्यावरनं नाव गेलं. आत्या भांडली न्हाई, रडली न्हाई. गपच व्हती. आमी म्हनलं, राजी हाय. मरस्तोवर आमच्या घरचं पानी प्याली न्हाई ती."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. रांग दोन हात पुढं सरकली होती.

मुदतीच्या आदल्या दिवशी नानांनी फॉर्म भरला. यादीत ती फाईल, दोन नावं, अट, आणि पुढं आपल्या कोरीव अक्षरात : एकाची परवानगी आली, दुसऱ्याची बाकी. खाली सही. साहेबांनी तो कागद पाहिला, चष्मा काढला, डोळे चोळले. मग मला म्हणाले, "नवीन टाइप करा. ती ओळ नको. आणि नानांच्या जागी क्वालिटीच्या माणसाचं नाव घाला." मी टाइप केलं. मी सही केली. सही करताना पेन चाललं नाही म्हणून दुसरं मागून घेतलं, एवढाच काय तो माझा विरोध.

वाढीव दोन वर्षांचा विषय मी साहेबांपुढं काढला नाही. काढायची हिंमत नव्हती, आणि काढून उपयोग नव्हता, आणि यातलं आधी काय होतं ते आता मलाही सांगता येणार नाही. शेवटच्या दिवशी नारळ, शाल, फोटो. नानांनी शालीच्या घडीतली दुकानाची चिठ्ठीसुद्धा वाचली. मग मला बाजूला घेऊन चार्ज दिला : किल्ल्या, तक्ते, आणि राहिलेल्या कामांची यादी. त्यात एक ओळ होती, बाळाचा बाप, उत्तर यायचं बाकी. पुढं माझी सही घेतली. मला वावगा एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो तरी असतो.

उत्तर पुढं तीन महिन्यांनी आलं. पत्ता जुना होता, पत्र कुठं कुठं फिरून पोचलं होतं. आणि तो बाप नव्हता, आई होती. तिनं लिहिलं होतं की तिच्याकडून ज्याला मिळालं त्यानं पुढच्याला तसंच द्यायचं, एवढीच तिची अट आहे. तसं देणार असाल तर तिच्या परवानगीची गरजच नाही, देणार नसाल तर ती मिळणार नाही. बाळ आता कॉलेजात आहे, ती फाईल नीट करायची राहूनच गेली. आणि शेवटी : नाव पुसल्याचं तुम्ही स्वतः कळवलंत, असं यापूर्वी कुणी कळवलं नव्हतं.

ते शेवटचं वाक्य नानांच्या हक्काचं होतं, कारण ते कळवणं माझं नव्हतंच. मी आठ दिवस ते पत्र खिशात घेऊन हिंडलो. सांगवीहून चाकण, चाकणहून सांगवी. मग साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, पुढच्या ऑर्डरला हाच फॉर्म येणार आहे, मी सही करणार नाही. आणि झाल्या सहीची दुरुस्ती पाठवायची आहे. माझा आवाज इतका बारीक होता की साहेबांनी दोनदा "काय?" विचारलं.

तिसऱ्यांदा ऐकून ते म्हणाले, "तुम्हाला हे तेव्हा सुचलं नाही?"

"नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि कामाला किती महिने लागतील ते विचारलं.

साडेपाच लागले. वाटणी केली. कॅमेऱ्याची चूल वेगळी मांडली, मधे बांध घातला, आपल्या बाजूचा सगळा कोड उघडा केला. दोन्ही नावं आणि पंचवीस ओळी जागच्या जागी बसवल्या. दुरुस्तीचं पत्र आणि कोड गिऱ्हाइकाला गेला. आम्ही रोज मेल उघडून बघत होतो. अकरा दिवसांनी त्यांच्या कुणा कारकुनाचं उत्तर आलं : मिळाले, धन्यवाद. बस. ऑर्डर हातची गेली नाही, दंड नाही, जाब नाही. इतकं थकल्यासारखं मला माझ्या मुलीच्या बारावीलाही वाटलं नव्हतं. एवढ्याशा उत्तरासाठी आम्ही एका माणसाची दोन वर्षं घालवली होती.

त्या शनिवारी कंपनीतून निघालो तो नानांच्या गावी गेलो. ते पडवीत बाजेची नवार आवळत बसले होते. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. लिहिणाऱ्या बाई होत्या हे ऐकल्यावर त्यांचे हात थांबले.

"बाई व्हय?"

"हो."

"आन बाळ?"

"कॉलेजला जातं."

"मोठं झालं म्हंजे," नाना म्हणाले, आणि परत नवार ओढायला लागले. एक फेरा आवळून म्हणाले, "फाईल दावा."

मी फोन पुढं केला. फाईलचा माथा मी मुद्दाम फोटो काढून आणला होता. त्यांनी फोन लांब धरून पंचवीसच्या पंचवीस ओळी वाचल्या. मी वाट बघत होतो. पन्नाशीला आलेल्या माणसानं शाबासकीची वाट बघू नये, पण बघत होतो.

"तुमचं नाव कुठाय?"

"काढून टाकलं," मी म्हणालो. जरा रुबाबातच.

"कशापायी?"

"आता… बरं दिसत नव्हतं ते तिथं."

"बरं दिसायचा काय संबंध? महिनाभर खपलावता न्हवं त्यात? ते कुनाच्या नावावर लावलं? त्या बाईच्या? तिनं लिवलं न्हाई ते." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "उद्या मधल्या ओळीत चूक निगाली तर लोक तिला धरत्याल. हिस्सा हाय तुमचा. तिसरं नाव लावा, आन कुठनं कुठवर तुमचं, ते बी लिवा."

"सोमवारी लावतो, नाना."

"सोमवारी कशाला? ल्यापटॉप गाडीत असंल की."

तो होताच. मी घेऊन आलो, तेव्हा अर्धी आवळलेली नवार एका हातानं ताणून धरत नानांनी बाजेवर माझ्यासाठी जागा केली होती.